रंगकामासाठी हाफ-फेस रेस्पिरेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. घरात ऑइलपेंट, वॉर्निश किंवा पॉलिशचं काम वर्षातून चार-पाच वेळा होत असेल, तर रबरी हाफ-फेस रेस्पिरेटर (नाक-तोंड झाकणारा मुखवटा) आणि त्याला बसणारी सेंद्रिय बाष्पांची कार्ट्रिज (थिनरसारख्या द्रावकांची वाफ अडवणाऱ्या डब्या) घ्यायलाच हवीत. आठ महिन्यांत मुखवट्याबद्दल फारशी तक्रार नाही. कार्ट्रिजबद्दल मात्र बरंच सांगायचंय. ती वापरून संपतेच, पण चुकीची ठेवली तर न वापरताही संपते, आणि संपलेली कार्ट्रिज बाहेरून नव्यासारखीच दिसते.

साधा मास्क का चालत नाही, हे अजूनही अनेकांना पटत नाही. एन-95 मास्क कण अडवतो. लांबी घासताना उडणाऱ्या धुळीला तो चांगला आहे. थिनरचं बाष्प म्हणजे कण नव्हेत, ते हवेत मिसळलेले रेणू असतात आणि त्या जाळीतून सरळ आरपार जातात. काही मास्कना कोळशाचा पातळ थर असतो, पण त्याने वास जरा कमी होतो, इतकंच. कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात आणि बाष्प त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवलं जातं. अमेरिकी पद्धतीत या कार्ट्रिजवर काळी पट्टी असते, युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टी आणि ‘ए’ हे अक्षर. घेताना एवढं नक्की बघा.

रोज उपयोगी पडते ती चेहऱ्यावर बसवण्याची तपासणी. मुखवटा आधी हनुवटीखाली, मग नाकावर. डोक्याचा पट्टा वर, मानेचा मागे, दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. मग दोन्ही तळहातांनी कार्ट्रिजची तोंडं झाकून हळू श्वास आत ओढायचा. मुखवटा किंचित आत दबला पाहिजे आणि काही सेकंद तसाच राहिला पाहिजे. नंतर पुढच्या उच्छ्वासाच्या झडपेवर हात ठेवून हलकेच श्वास सोडायचा. मुखवटा जरासा फुगला पाहिजे आणि कडेने हवा निसटता कामा नये. बहुतेक वेळा गळती नाकाच्या बाजूंना असते. तिथे गार झुळूक जाणवली की पट्टे आवळत बसू नका, मुखवटा किंचित खाली घेऊन पुन्हा बसवा. जास्त आवळल्यास रबर दुमडतं आणि गळती वाढते. दाढी असेल तर हा प्रकार जमतच नाही. दोन दिवसांचे खुंटही कडा उचलून धरतात. काम सुरू करण्यापूर्वी दाढी करायची, याला पर्याय नाही.

आता कार्ट्रिज ठेवण्याबद्दल. पाकीट फोडल्यापासून कोळसा काम करू लागतो, तुम्ही श्वास घेत असा वा नसा. रंगाच्या डब्यांशेजारी खुंटीला टांगलेला मुखवटा रात्रभर तिथली बाष्पं आणि हवेतला दमटपणा शोषत राहतो. काम थांबलं की कार्ट्रिज काढून झिपच्या जाड पिशवीत, ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा रंगांपासून लांब. ही सवय मोडली तर पैसे वाया जातातच, वर खोटा धीर मिळतो.

दुसरी अडचण जरा आडवळणाची आहे. धरलेलं बाष्प कोळशात एका जागी स्थिर राहत नाही. पिशवीत बंद असतानाही ते हळूहळू आतल्या बाजूला सरकतं आणि काही आठवड्यांनी मुखवटा चढवला की पहिल्याच श्वासात नाकात येऊ शकतं. कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रावकांच्या बाबतीत हे जास्त होतं. टर्पेंटाइन 150 अंशांच्या पुढे उकळतं, टोल्युइन 111 अंशांच्या आसपास, ॲसिटोन मात्र 56 अंशांनाच. म्हणून ॲसिटोनसारखी द्रावकं असलेलं एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) वापरलं की त्या दिवसाची कार्ट्रिज त्याच दिवशी टाकून द्यायची. नुसतं टर्पेंटाइन असेल तर कार्ट्रिजच्या कडेला मार्करने तारीख लिहून प्रत्येक वेळचे तास मांडत जायचे. उत्कलनबिंदू 70 अंशांच्या वर आणि हवेतलं प्रमाण बेताचं असेल तर ढोबळमानाने आठ तास धरतात. आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे गेली की निम्मे. खोली लहान असेल तर मी सहाच्या वर जात नाही. वास आला की बदलू, या भरवशावर राहू नका. नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं. वास आलाच तर तिथेच काम थांबवून मोकळ्या हवेत जायचं, मुखवटा बाहेर गेल्यावरच काढायचा.

काय अडवत नाही, तेही कळलं पाहिजे. डायक्लोरोमिथेन असलेला रंग उतरवायचा द्रव 40 अंशांना उकळतो, या कोळशातून झटपट पार होतो आणि शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद न्हाणीघरात हा द्रव वापरताना माणसं दगावली आहेत. डब्यावर ते नाव दिसलं की डबा परत ठेवा. मिथेनॉललाही ही कार्ट्रिज पुरत नाही. दोन डब्यांतलं मिश्रण करून मारायच्या पॉलियुरेथेन कोटिंगमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा वास जाणवण्याआधीच अपाय होऊ शकतो आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळतो. त्याची फवारणी घरी करूच नये. पाण्याच्या टाकीसारख्या बंद जागेतही हा मुखवटा चालणार नाही, कारण तो ऑक्सिजन तयार करत नाही.

इमल्शनला वास कमी म्हणून लोक बिनधास्त असतात. त्यातला अमोनिया या कार्ट्रिजने अडत नाही (त्याची वेगळी, हिरव्या पट्टीची मिळते), आणि डब्यातला रंग टिकवण्यासाठी घातलेली आयसोथायझोलिनोन गटातली रसायनं काहींच्या त्वचेला चांगलीच बाधतात. तिथे मुखवट्यापेक्षा उघड्या खिडक्या आणि नायट्राइल हातमोजे जास्त कामाचे.

खिडक्यांचं काम मुखवटा करत नाही. एका खिडकीत बाहेर तोंड करून पंखा, समोरची खिडकी उघडी, आणि रंगवणारा या दोहोंच्या मध्ये असा की ताजी हवा पाठीकडून येईल. टोल्युइनचं बाष्प हवेच्या तिपटीहून जड असतं, ते जमिनीलगत साचतं. खाली बसून दाराचा तळ रंगवताना डोकं जड होतं ते यामुळेच. लहान मुलांना म्हणूनच त्या खोलीपासून काही दिवस लांब ठेवायचं. थिनरचा डबा उघडण्यापूर्वी गॅस आणि देव्हाऱ्यातली ज्योत विझवा. थिनरच्या बाष्पात चालू पंख्याची ठिणगीही पुरते, तेव्हा थिनर जास्त असेल त्या दिवशी पंखा न लावता नुसती समोरासमोरची हवा खेळू द्या.

फवारणी किंवा घासकाम असेल तर कार्ट्रिजवर कणांचं फिल्टर चढवावं लागतं, नाहीतर रंगाचे थेंब कोळशापर्यंत जातात. श्वास ओढायला जड वाटू लागला की आधी हे फिल्टर बदला. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही. पाणी शिंपडून ओल्या पेपरने घासायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, गाळ पुसून गोळा करायचा. तिथे पी-100 (अगदी बारीक कणही अडवणारं) फिल्टरच हवं.

तोटे खरे आहेत. डोळे उघडेच राहतात, त्यामुळे डोक्यावरचं छत रंगवताना बंदिस्त गॉगल हवाच. चष्मा नाकावर नीट बसत नाही. बोललेलं समोरच्याला कळत नाही. अर्ध्या तासात हनुवटीखाली घाम साचतो आणि रबर सरकतं. पुसून तपासणी पुन्हा करावी लागते.

धुताना कार्ट्रिज आधी काढायची, मुखवटा कोमट पाण्यात सौम्य साबणाने. रंगाचा डाग काढायला थिनर लावलं तर रबर फुगून वाकडं होतं. सहाव्या महिन्यात उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळलेल्या इनॅमलची नखाएवढी कपची आणि एक केस सापडला. पातळ चकती तेवढ्याने उचललेली राहत होती आणि आत ओढताना तिथून न गाळलेली हवा येत होती. झडपेचं झाकण आता दर वेळी उघडून बघतो. सुटी चकती आणि डोक्याचे पट्टे वेगळे मिळतात का, हे मुखवटा घेण्यापूर्वीच विचारून घ्या.

शेवटी चिंध्यांचं. जवस तेल किंवा तेलाधारित रंग पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडकं उघड्यावर सपाट पसरून कडक वाळेपर्यंत ठेवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.