हवानात सिगार घेताय? मला लागलेला १५५ युरोंचा चुना आधी वाचा

कॅपिटोलिओच्या, म्हणजे जुन्या संसद भवनाच्या मागे पार्टागास या सिगार कारखान्याची जुनी इमारत आहे. तिथे गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवलेला एकजण भेटला. म्हणे, कामगारांना कारखान्यातून सिगार मिळतात, सहकारी सोसायटीत स्वस्तात विकतात, आज शेवटचा दिवस. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अंधारा जिना, आतली खोली, फुकटची कॉफी. कोहिबा ब्रँडच्या रोबुस्तो (आखूड, जाड) सिगार, २५ चा खोका, १४० युरो. वर ‘ओळख करून दिल्याचे’ १०, टॅक्सीचे ५. एकूण १५५, सगळे रोख.

‘रस्त्यावर कोण घेतं?’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा. खोक्यावर हिरवं-पांढरं सरकारी सील होतं, होलोग्राम होता, बँडवरचे (सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरचे) पांढरे ठिपकेही सरळ रांगेत होते. आणि मी तपासून घेतलं! पंच कटर, म्हणजे सिगारच्या टोकाला गोल भोक पाडायचं हत्यार, माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो. म्हटलं, एक ओढून बघतो. साहेब हसले आणि स्वतःच्या खिशातून एक काढून दिली. ‘सील कशाला फोडता?’ पातं टोपीच्या (ओढायच्या बाजूच्या बंद टोकाच्या) मधोमध टेकवलं, हलकं फिरवलं, गोल चकती अलगद निघून आली. भोकाची कड स्वच्छ, धूर मोकळा. सिगार अस्सलच होती. पण खिशातली! बँडसुद्धा नव्हता तिला. हातात कटर, समोर पंचवीस सिगार, आणि मी तपासली कोणती, तर त्याने निवडलेली सव्विसावी. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. बरं, सील फोडायचा आग्रह धरला असता तर तो म्हणाला असता, आधी पैसे द्या. मग काय करणार?

रात्री हॉटेलच्या गच्चीवर खोका उघडला. पंच टेकवला तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी अख्खी टोपी निघाली. चांगल्या हवाना सिगारची टोपी पानाच्या तीन वेढ्यांनी बांधलेली असते, त्यामुळे मधे भोक पाडलं तरी खांदे, म्हणजे टोपीच्या गोलसर कडा, जागच्या जागी राहतात. इथे एकच तुकडा डिंकाने डकवलेला. आत लांब पानं नाहीतच, नुसता भुगा आणि देठं. पहिल्या झुरक्याला ओठांवर चुरा. कोरडी सिगार तडकते, हे मलाही कळतं हो, पण हवानाच्या त्या दमट हवेत? दुसरीची तीच गत.

खोका उलटा करून बघा. तळाला ‘एचो एन कुबा’ (Hecho en Cuba, क्यूबात बनवलेलं) वगैरे अक्षरं डागलेली हवीत, हाताला लागली पाहिजेत, आणि शाईत कारखान्याचा कोड व महिना-वर्ष हवं. माझ्या खोक्यावर नुसती छपाई. काचेच्या झाकणाचा कोहिबाचा खोका कुणी दाखवला तर तिथूनच मागे फिरा.

सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. बाकावर बसवून ठेवलं, मग स्पॅनिशमधून विचारलं, बिल कुठे? बिल असतं तर तिथे कशाला गेलो असतो! बिलाशिवाय घेणं हाच गुन्हा, असं वर मलाच ऐकवलं. घर दाखवतो म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेले. हॉटेलवाले म्हणे, आमच्या फलकावर सूचना आहे. ती स्पॅनिशमध्ये, तीही लिफ्टच्या मागे. विमा कंपनीला पोलिसांचा कागद हवा, पोलीस कागद देत नाहीत. आणि विमानतळावर? ठग कुणाला सापडत नाही, माझा खोका मात्र बरोब्बर सापडला! सील बनावट म्हणून उरलेल्या सगळ्या जप्त. त्याची पावती तरी द्या म्हटलं, तर खांदे उडवले.

सरकारमान्य दुकानातूनच घ्या, बिल सांभाळा. सुट्या सिगार विसापर्यंत बिलाशिवाय नेता येतात, खोका असेल तर सील खरंच हवं. सीलवरचा नंबर आबानोस (Habanos) या क्यूबाच्या सिगार विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, पण तो पैसे देण्याआधी टाका. टोकदार मोंतेक्रिस्तो नंबर दोनवर पंच चालतच नाही, तेव्हा तिथे ‘पंच मारून दाखवतो’ म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लावा. नमुना म्हणून खिशातून निघालेली सिगार ओढूच नका, खोक्यातली मागा. आणि ठाण्यात जावंच लागलं तर स्पॅनिश बोलणारं कुणीतरी सोबत न्या. कागद हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका.