आठ महिने वापरलेला इनिशिएटिव्ह बोर्ड आणि न पुसला जाणारा ‘गॉब्लिन ३’

डी अँड डी या गोष्टीतली पात्रं होऊन खेळायच्या खेळात लढाईत कुणाचा टर्न कधी, ते फासा टाकून ठरतं, त्याला इनिशिएटिव्ह म्हणतात. तो क्रम नावं लिहिलेल्या चुंबकी पट्ट्यांनी दाखवणारा बोर्ड मी आठ महिने वापरतोय. परवाच्या रविवारी ऐन लढाईत ‘ओगर’ राक्षसाची पट्टी बोर्डवरून सुटली आणि थेट चहाच्या कपात गेली. मागचं मॅग्नेट मात्र बोर्डालाच चिकटून राहिलं. गोंद सुटून निकामी झालेली ही चौथी पट्टी. कंपनीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की पट्ट्या आणि मार्कर वॉरंटीत येत नाहीत, हवं तर नवीन सेटवर दहा टक्के सूट देऊ. सोळाशे रुपये मोजून घेतलेल्या वस्तूच्या चार पट्ट्या गेल्या म्हणून पुन्हा अख्खा सेट का घ्यायचा? सुट्या पट्ट्या विकत द्या म्हटलं, तर तशी सोय नाही म्हणे. त्यानंतर तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही.

आम्ही ठाण्यात एक रविवार सोडून खेळतो. पाच प्लेअर, डीएम (गोष्ट आणि राक्षस चालवणारा) मी, डी अँड डीची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. बोर्ड येण्याआधी लढाईचा क्रम माझ्या वहीत असायचा आणि तिथेच सगळी गडबड होती. कुणाचा टर्न, हे फक्त मला माहीत. मी नाव घेतलं की तो प्लेअर मोबाईल खाली ठेवणार, मग पात्राची शीट शोधणार, मग स्पेल (मंत्र) वाचायला घेणार. नियमाप्रमाणे एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. आमच्याकडे घड्याळ लावून बघितलं तेव्हा एका राउंडला सव्वीस मिनिटं लागली होती.

बोर्ड टेबलाच्या कडेला सगळ्यांना दिसेल असा उभा केला आणि दुसऱ्याच सेशनला फरक जाणवला. आपल्या आधी कोण आहे हे दिसत असल्यामुळे माणूस आपसूक तयारीला लागतो. मी आता पात्राचं नाव घेऊन एकच वाक्य बोलतो, “रोग, तुझा टर्न, फायटर, तू तयार राहा.” (रोग म्हणजे चोर, फायटर म्हणजे लढवय्या.) राउंड बारा-तेरा मिनिटांवर आली. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल झाले असं मी मानतो.

आता मार्करचं. सेटसोबत आलेल्या मार्करची शाई पट्टीवर रात्रभर राहिली की जाता जात नाही. तिसऱ्या सेशनला एका पट्टीवर लिहिलेलं ‘गॉब्लिन ३’ (तिसरा गॉब्लिन, एक छोटा राक्षस) अजून तिथेच आहे. कोरड्या फडक्याने पुसलं, ओल्या फडक्याने पुसलं, शेवटी स्पिरिट लावलं. स्पिरिटने अक्षरं फक्त फिकट झाली, पण पट्टीची चकाकी गेली, आणि त्या खरखरीत जागेवर पुढची शाई आणखी पक्की बसली. एकदा त्याच पट्टीवर ‘क्लेरिक’ (आमच्यातलंच एक पुजारी पात्र) लिहिलं होतं. खालचं ‘गॉब्लिन’ इतकं डोकावत होतं की आमच्या नव्या प्लेअरने क्लेरिकवरच नेम धरला. क्रम नीट दिसावा म्हणून घेतलेल्या वस्तूवर नावच नीट वाचता येत नसेल, तर ती चूक मी छोटी म्हणणार नाही.

यावर दोन उपाय सापडले. पहिला, जुन्या अक्षरांवरच नव्या चांगल्या मार्करने गिरवायचं आणि शाई ओली आहे तोवर पुसायचं. ओल्या शाईतलं द्रावण जुनी शाई सोडवून घेतं. दुसरा जास्त टिकाऊ आहे: उरलेल्या सगळ्या पट्ट्यांवर मी पार्सलची रुंद पारदर्शक सेलोटेप ताणून लावली. त्यावर लिहिलेलं बोटानेही पुसलं जातं आणि टेप खराब झाली की सोलून दुसरी लावायची. पन्नास रुपयांच्या रोलमध्ये काम झालं. हे कंपनीनेच करून द्यायला हवं होतं.

एका बाबतीत माझं मत पार बदललं. सेटमध्ये रंगीत चुंबकी टिकल्या येतात. त्या खोका भरल्यासारखा दिसावा म्हणून दिल्यात असं मला वाटायचं, दोन महिने पिशवीसुद्धा फोडली नव्हती. मग एका लढाईत क्लेरिकने ब्लेस हा मंत्र टाकला, तिघांना हल्ल्यावर आणि सेव्हवर (संकट टाळायला टाकायचा फासा) डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा फासा, जास्त. असा मंत्र लक्ष एकाग्र ठेवून (कॉन्सन्ट्रेशन) टिकवावा लागतो आणि मार बसला की त्यासाठी सेव्ह लागतं. पुढे तिला दोनदा मार बसला आणि ते सेव्ह मागायचं मी दोन्ही वेळा विसरलो. घरी गेल्यावर लक्षात आलं की ती लढाई त्यांनी कदाचित हरायला हवी होती. तेव्हापासून कॉन्सन्ट्रेशन सुरू झालं की त्या पट्टीवर निळी टिकली. आता ओगरचा सोटा बसून तेरा डॅमेज झालं, की माझ्याआधी प्लेअरच म्हणतात, “टिकली आहे, सेव्ह कर.” डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, दहा किंवा डॅमेजचं निम्मं, जे जास्त ते. तेराचं निम्मं सहा, म्हणजे डीसी दहाच, चोवीस बसलं तर बारा. या हिशेबावर आता वाद होत नाही.

रिअ‍ॅक्शनसाठी (दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येणारी, पण राउंडला एकच कृती) टिकली वापरत नाही, पट्टीच बोटभर डावीकडे सरकवतो. विझर्डने (जादूगाराने) शील्ड हा वार अडवणारा मंत्र टाकला, पट्टी सरकली. त्याचा पुढचा टर्न सुरू झाला की ती परत रांगेत. शील्डचा परिणामही तेव्हाच संपतो, त्यामुळे एका हालचालीत दोन्ही गोष्टी लक्षात राहतात.

राक्षसांच्या बाबतीत मात्र बोर्डची रीत मी थोडी बदलली. एकाच जातीच्या सगळ्यांसाठी एकच इनिशिएटिव्ह टाकायचं असा नियम आहे. सहा गॉब्लिन एका पट्टीवर ठेवले, त्यांचा आकडा एकोणीस आला आणि विझर्ड स्वतःचा पहिला टर्न यायच्या आत आडवा झाला. त्या प्लेअरचा चेहरा उतरलेला मला अजून आठवतो. आता तीन-तीनचे दोन गट, दोन पट्ट्या. एचपी (जीवाचे पॉइंट) बोर्डवर लिहीत नाही, ते वहीत. तिथेही उरलेले पॉइंट वजा करत बसण्यापेक्षा झालेलं डॅमेज बेरजेने लिहितो. ओगरचे एकोणसाठ, बेरीज तिथे पोचली की तो पडला. बोलता बोलता वजाबाकी चुकते, बेरीज सहसा चुकत नाही.

लॅपटॉपवरचे फुकट ट्रॅकरही मी वापरले आहेत. गणित तेच करतात, पण स्क्रीन माझ्याकडे तोंड करून असते, म्हणजे पुन्हा वहीसारखंच.

पैसे घालायचे नसतील तर जाड कार्डशीटचे तुकडे मधोमध दुमडून डीएम स्क्रीनवर (डीएमच्या पुढ्यातला पुठ्ठ्याचा आडोसा) अडकवा, दोन्ही बाजूंना नाव लिहा. पट्ट्या सुटायला लागल्या तेव्हा दोन सेशन मी तसंच चालवलं. राउंडचा वेळ तेवढाच राहिला. पंखा लावला की कार्डं हलतात, तिथे कपड्यांचे चिमटे लागतात, बाकी तक्रार नाही. हे आधी सुचलं असतं तर सोळाशे रुपये मी मिनिएचरवर (पात्रांच्या छोट्या मूर्तींवर) घातले असते.

सुटलेली मॅग्नेटं आता दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवली आहेत. येत्या रविवारी अ‍ॅडल्ट रेड ड्रॅगन आहे, त्याच्या गुहेत. लेअर अ‍ॅक्शनसाठी, म्हणजे गुहेतूनच होणाऱ्या हल्ल्यांसाठी, विसाच्या आकड्यावर लाल पट्टी लागणार, आणि ती तीच, चहातून काढलेली ओगरची.