प्रभुभोजनाचे तयार कप: दवाखान्यात न्यायला चांगले, चर्चच्या मेजावर नको

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात. त्याची भाकर आणि द्राक्षरस गेली ११ वर्षं मी करते. शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून, चुरून, फडक्यातून गाळायच्या. बिनखमिराची कणीक मळून तव्यावर जाडसर भाकर भाजायची. यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून वडील मंडळाने (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी) १०० तयार कपांचा खोका ऑनलाइन मागवला.

बोटभर उंचीचा प्लास्टिकचा कप. वरचं पातळ आवरण सोललं की रुपयाएवढी वेफर, खालचं चंदेरी आवरण सोललं की घोटभर रस. रस द्राक्षाचाच आहे, न आंबवलेला, चवीला बरा. वेफर टाळूला चिकटते. खरी अडचण आवरणांची. दोन्हींच्या कडा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की एका आजींच्या संधिवाताच्या बोटांत दोन्ही एकदम निघाली आणि रस पांढऱ्या लुगड्यावर सांडला. आजी रडवेल्या झाल्या. प्रभूचा पेला हातून सांडला, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, म्हणाले, "त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली," आणि त्यांच्या हातात मोडायला काही नव्हतं. वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली, "हे माझे शरीर आहे" म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी क्रूसावर गेला. ती भाकर मोडताना बघितली की बलिदान म्हणजे काय ते आमच्या लहान मुलांनाही कळतं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात म्हटल्याप्रमाणे ते बलिदान एकदाच झालं, पुन्हा होत नाही, असं आम्ही मानतो. माझी जाऊ वसईची, कॅथलिक घरातली. त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या उपासनेला मिस्सा म्हणतात, ती त्याला ख्रिस्तयागही म्हणते. तेच एक बलिदान वेदीवर आपल्यासमोर येतं, असा तिचा विश्वास. आम्ही यावर कितीदा तरी बोललोय, एकमत झालेलं नाही. पण भाकर मोडली जाते तेव्हा दोघींच्या माना खाली जातात.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. त्याच पत्रात पुढे तो त्यांना रागावतो, कारण जो तो आपलं जेवण आधीच उरकायचा आणि गरीब उपाशी राहायचा. सीलबंद कपात मला तेच दिसलं, ज्याचं त्याच्यापाशी. एरवी ताट हातोहात पुढे सरकतं, शेजारणीकडे बघावं लागतं, तिच्याशी अबोला असला तरी. तेवढंही उरलं नाही.

दवाखान्यात मात्र हे कप उपयोगी पडले. डायलिसिसवरच्या एका भावांना पाणी मोजून प्यावं लागतं, त्यांना घोटभर रस चालला. सगळं बंद असल्याने नर्सबाईंनीही हरकत घेतली नाही. आवरणं आम्हीच सोलून दिली. फक्त त्यांना एकट्याला खायला लागू नये म्हणून आम्ही तिघांनीही त्यांच्याबरोबर घेतलं.

खोक्यात ३८ कप उरलेत, ते आजाऱ्यांसाठी ठेवलेत. घेणार असाल तर कपावरची मुदतीची तारीख आधी बघा. रविवारसाठी या शनिवारी मी पुन्हा मनुका भिजत घालतेय. खाली बसवत नाही, म्हणून कणीक सुनेने मळायची ठरलीय.