क्यूब्स ओएस रोजच्या कामाला कसं पडतं : मार्च एण्ड काढल्यानंतरचा अनुभव

माझं काम आयकर आणि जीएसटी रिटर्नचं, त्यामुळे लोकांची पॅन, आधार, बँक स्टेटमेंटं, फॉर्म १६ असं सगळं माझ्या लॅपटॉपवर येऊन पडतं आणि ते येतं कुठून तर व्हॉट्सअ‍ॅपवरून, मेलवरून, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात दहा मशीनना लावून आलेल्या पेनड्राइव्हवरून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा नवीन लॅपटॉप घ्यायचाच होता, मग म्हटलं यावेळी आधी ऑपरेटिंग सिस्टीम ठरवू आणि मग त्याला चालेल असं मशीन घेऊ.

टेल्स नावाची सिस्टीम बघितली, चांगलीच आहे, पण ते पेनड्राइव्हवरून चालतं, सगळं टॉरमधून, म्हणजे आपली ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून जातं आणि बंद केलं की मुद्दाम जपून ठेवलेलं सोडून बाकी सगळं विसरतं, रोज बँकेत आणि सरकारी साइटवर लॉगिन करणाऱ्याला ते जमणारं नाही. ओपनबीएसडी ही दुसरी सिस्टीम, तिचा कोड फार काळजीने लिहिलेला असतो, पण आपल्याकडच्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे (ऑनलाइन सही करायच्या यूएसबीचे) ड्रायव्हर तिथे कुठून आणणार. शेवटी क्यूब्स ४.२ टाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योआना रुटकोव्स्का आणि तिच्या पोलंडमधल्या टीमने हे २०१० मध्ये जाहीर केलं, पहिली पक्की आवृत्ती २०१२ ची. त्यांनी गृहीतच धरलंय की कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरला भोक असणारच, म्हणून सगळी कामं वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एकाच लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र कॉम्प्युटरमध्ये, वाटून टाकायची, म्हणजे एक फुटलं तरी बाकीची शाबूत. खाली ही मशीनं चालवणारं आणि एकमेकांपासून वेगळी ठेवणारं झेन नावाचं सॉफ्टवेअर (हायपरवायझर), वर ही छोटी मशीनं, त्यांना क्यूब म्हणतात, आणि प्रत्येक क्यूबच्या खिडकीला आपण निवडलेल्या रंगाची चौकट. माझं बँकेचं हिरवं, अशिलांची कागदपत्रं निळी, व्हॉट्सअ‍ॅप आणि बाकीचं नेट लाल, आणि पासवर्ड काळ्या चौकटीत, ज्या क्यूबला नेटच नाही. वायफायचं कार्डसुद्धा वेगळ्या क्यूबकडे असतं आणि जिथून सगळा कारभार चालतो त्या मुख्य भागाला, डोमझिरोला, नेट कधीच मिळत नाही.

आता खरा उपयोग सांगते. अशिलाची पीडीएफ आली की मी ती सरळ उघडतच नाही, राइट क्लिक करून डिस्पोजेबल, म्हणजे वापरून टाकून द्यायच्या, क्यूबमध्ये उघडते. दहा-पंधरा सेकंदात एक कोरं मशीन उभं राहतं, त्यात फाइल दिसते, एआयएस (आयकर खात्याकडचं वर्षाच्या व्यवहारांचं विवरण) असेल तर तिथेच पॅन आणि जन्मतारखेचा पासवर्ड टाकायचा, बघायचं, खिडकी बंद केली की ते मशीनच संपलं. ठेवायची असेल तर ट्रस्टेड पीडीएफ करून घ्यायची. यात काय होतं तर फाइल डिस्पोजेबलमध्ये जाते, तिथे प्रत्येक पानाचं चित्र बनतं आणि इकडे फक्त चित्राचे ठिपके परत येतात, त्यामुळे फाइलमध्ये काही लपवलेलं असेल तर ते तिकडेच राहतं. तोटा एवढाच की मग त्यातले आकडे कॉपी करता येत नाहीत, सर्च होत नाही, आणि बँक स्टेटमेंट चाळीस पानी असलं की ते बोचतं.

कॉपी-पेस्टची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. कंट्रोल-सी, मग कंट्रोल-शिफ्ट-सी, दुसऱ्या खिडकीत जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही आणि मग नेहमीचं कंट्रोल-व्ही. पहिल्या आठवड्यात वैताग आला होता, आता बोटं आपोआप जातात, आणि एका क्यूबमधलं काही दुसरीकडे जातंय ते मीच नेलंय हे पक्कं माहीत असतं. तसंच स्क्रीन शेअरचं, मीटिंगच्या क्यूबमधून शेअर केलं तर त्याच क्यूबच्या खिडक्या समोरच्याला दिसतात, दुसऱ्या अशिलाचा कागद चुकूनसुद्धा दिसायचा प्रश्न नाही. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी सीए लोकांनी हे बघायला पाहिजे.

सिग्नेचरचं टोकन चालतं. ते आधी यूएसबीच्या क्यूबमध्ये दिसतं, वरच्या पट्टीतून हव्या त्या क्यूबला जोडायचं, काम झालं की काढायचं. ड्रायव्हर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्या साच्यावरून क्यूब बनतात त्यात, टाकावा लागतो, कारण क्यूबमध्ये टाकलेलं सॉफ्टवेअर रीस्टार्टनंतर सहसा उरत नाही, आपल्या फाइलींचं होम फोल्डर तेवढं टिकतं. पण एकदा टेम्प्लेटमध्ये गेलं की त्यावरच्या सगळ्या क्यूबना मिळतं, अपडेटचंही तसंच.

मराठीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर खिडकीच्या वरच्या पट्टीत नुसत्या खालच्या रेघा दिसतात. फॉन्टचा घोळ नाहीये, बाहेरून आलेली अक्षरं डोमझिरोला रंगवायला लागू नयेत म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलंय. ज्या क्यूबवर विश्वास आहे तिच्यापुरतं चालू करता येतं, मी निळ्याला केलंय, लालला नाही.

आता त्रास. १६ जीबी रॅम क्यूब्सवाले सुचवतात, माझ्या मते ३२ च घ्या, कारण पाच-सहा क्यूब उघड्या असल्या की १६ मध्ये दम लागतो. क्यूबना ग्राफिक्स कार्डाची मदत नसते म्हणून व्हिडिओ सगळा प्रोसेसर ओढतो, लांबलचक कॉल असला की पंखा सुटतो आणि बॅटरी भराभर उतरते. वर सुरक्षेसाठी प्रोसेसरचं हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवायची सोय) बंद ठेवलेलं असतं, हेही धरा. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं, इथे नाही. हिशोबाचं टॅली मी ऑफिसातल्या दुसऱ्या विंडोज मशीनवरच ठेवलंय, ते इकडे आणायच्या भानगडीत पडले नाही.

आणि हे अभेद्य आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, बनवणारे स्वतःच त्याला बऱ्यापैकी सुरक्षित एवढंच म्हणतात. २०१५ मध्ये झेनमध्येच सात वर्षं लपलेलं गंभीर भोक सापडलं होतं, ज्यातून एका क्यूबमधून सगळं मशीन ताब्यात घेता आलं असतं. पण क्यूब्सवाल्यांनी ते झाकलं नाही, सविस्तर बुलेटिन काढलं आणि २०१८ च्या ४.० मध्ये क्यूब चालवायची पद्धतच बदलली. माझा विश्वास बसला तो हे वाचून.

घरात फक्त यूट्यूब, फोटो आणि मुलांचा अभ्यास असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, साधं फेडोरा लिनक्स टाका, डिस्क एन्क्रिप्ट करा, अपडेट वेळच्या वेळी घ्या, तेवढं पुरतं. पण दुसऱ्यांचे कागद सांभाळत असाल, वकील असाल, पत्रकार असाल, तर जरूर बघा. लॅपटॉप घेण्याआधी क्यूब्सच्या साइटवरच्या हार्डवेअरच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल शोधा, व्हीटी-डी (वायफाय, यूएसबीसारखे भाग एकेका क्यूबपुरते बांधून ठेवणारी प्रोसेसरची सोय) आहे का बघा आणि स्लीपमधून नीट उठतं का ते खास वाचा, कारण नव्या लॅपटॉपवर तिथेच जास्त अडतं, माझंही अडतं आणि मी संध्याकाळी सरळ शटडाउन करते.