दापोलीकडचा एक होमस्टे: खोली बरी, जेवण झकास, आणि रात्री लपवलेल्या इंजिनांच्या गप्पा

होमस्टेचं नाव टाकत नाहीये कारण काकांनी बजावलंय, तीनच खोल्या आहेत आणि मे महिन्यात फोन थांबत नाही म्हणे. आंजर्ले-केळशी पट्ट्यात आहे, गेटावर पत्र्यावर रंगवलेलं काळं इंजिन आहे, गावात कुणालाही इंजिनवाल्यांचं घर विचारा. ट्रेनने येणार असाल तर खेडला उतरायचं, तिथून एसटीने दापोली, मग पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस.

खोल्या साध्या. गादी कडक, मच्छरदाणी आहे आणि ती लागतेच, एसी एकाच खोलीत, मोबाईलला रेंज फक्त अंगणात पेरूच्या झाडाखाली. फोटो बघून वाटतं की खिडकीतून समुद्र दिसेल, तर नाही, वाडीतून चालत जावं लागतं. खोलीला पाचपैकी तीन. जेवणाला मात्र पाचपैकी पाच आणि त्यात वाद नाही, काकूंच्या हातची तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, घरच्या आगळाची सोलकढी, आणि आमच्यातल्या एका शाकाहारी माणसासाठी केलेलं वालाचं बिरडं आम्ही मासे खाणाऱ्यांनीच संपवलं. सकाळी घावणे.

पण मी लिहायला बसलो ते रात्रीच्या गप्पांसाठी. काका भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलर फिटर होते, रिटायर होऊन गावी आले, आणि शनिवारी जेवणं आटोपली की ओटीवर चादर टांगून प्रोजेक्टर लावतात. याचे वेगळे पैसे नाहीत. आम्हाला विषय मिळाला "युद्धासाठी लपवून ठेवलेली वाफेची इंजिनं". नाव ऐकून मला वाटलं व्हॉट्सॅपवरची बंडलबाजी असणार. अर्धी बंडलबाजी आहेच, पण कुठली अर्धी ते काका स्वतः उलगडून सांगतात आणि तिथेच मजा आहे.

सुरुवात इंग्लंडपासून. तिथे ११ ऑगस्ट १९६८ ला मेन लाईनवरची वाफेची शेवटची गाडी धावली आणि त्यानंतर रेल्वेवेड्या मंडळींत एक अफवा सुरू झाली की सरकारने काही इंजिनं भंगारात न काढता जमिनीखाली दडवलीत, अणुयुद्ध झालं, वीज गेली, तेल बंद झालं तर बाहेर काढायला. जागा पण ठरलेली, ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधलेला इंग्लंडमधला बॉक्स टनेल हा रेल्वे बोगदा, १८४१ सालचा, जवळजवळ तीन किलोमीटरचा. त्याच्या पूर्वेकडच्या तोंडाशी मोठ्या बोगद्याला लागूनच एक छोटा बोगदा आहे, तो खरंच आत दगडाच्या खाणीत जातो, खरंच रूळ होते, आणि आत काय आहे ते खरंच कुणाला सांगत नव्हते. मग लोकांनी काय करायचं? भंगाराच्या याद्या ताडून बघायच्या, एखादा नंबर जुळला नाही की झालं, ते इंजिन गेलं बॉक्समध्ये!

आत काय निघालं तर दुसऱ्या महायुद्धातलं दारूगोळ्याचं कोठार, आणि शेजारच्या खाणीत १९५० च्या दशकाअखेर बांधलेलं तळघर, ३५ एकरांचं, अणुहल्ला झाला तर साधारण ४००० माणसांसकट सरकार तिथे बसणार होतं. २००४ मध्ये त्याची गुप्तता उठली. म्हणजे गुपित होतं, चांगलं भलंमोठं होतं, फक्त त्यात इंजिन एकही नव्हतं. काका हे सांगताना इतका पॉज घेतात की मागून काकूंचा आवाज आला, "अहो सांगा पटकन, पोरांना झोप आलीय."

मग खरी अर्धी. स्वीडनने हे खरोखर केलं. त्यांची रेल्वे बरीचशी विजेवर, स्वतःचं तेल नाही, कोळसाही नावापुरता, म्हणून त्यांनी वाफेची इंजिनं नीट तेलपाणी करून देशभर शेडमध्ये ठेवली आणि १९९० च्या आसपास हळूहळू काढून टाकली. फिनलंडनेही ठेवली. आणि सोव्हिएत रशियाने १९५६ मध्ये वाफेची इंजिनं बनवायची थांबवली तरी पुढे कितीतरी वर्षं राखीव तळांवर शेकडो इंजिनं रांगेने उभी, पर्म भागातल्या शुमकोवोचे फोटो काकांनी दाखवले, गवतात गंजलेली धुडं, बघून पोटात कालवतं. पूर्व जर्मनीत १९८१ च्या सुमारास तेलाची टंचाई झाली तेव्हा तर कोळशाची इंजिनं परत कामाला जुंपली. स्वित्झर्लंडचा किस्सा सगळ्यात भारी, महायुद्धात कोळसा मिळेना पण धरणांची वीज भरपूर, म्हणून त्यांनी १९४२-४३ मध्ये शंटिंगच्या, म्हणजे यार्डात डबे हलवायच्या, दोन वाफेच्या इंजिनांवर पँटोग्राफ (विजेच्या इंजिनाच्या टपावर तारेला टेकणारा सांगाडा) बसवला आणि वरच्या तारेतून वीज घेऊन पाणी उकळलं. मी दोनदा विचारलं, खरंय.

आता इथवरचं सगळं कदाचित नेटवर पण मिळेल. नेटवर जे नाही मिळत ते पुढे, काका सगळ्यांना उठवून टॉर्च घेऊन मागच्या पडवीत नेतात आणि तांब्याच्या बंबासमोर उभे करतात. मधली नळी दाखवतात, खाली जाळ, भोवती पाणी, आणि म्हणतात हीच एक नळी आडवी करा, एकाच्या शंभरच्या वर करा, वरून झाकण घट्ट बंद करा, की झाला इंजिनाचा बॉयलर. भारतातल्या डब्ल्यूजी जातीच्या, मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनात वाफेचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, बंबाला तोंड उघडं म्हणून तो फुटत नाही. मग इंजिन न वापरता वर्षानुवर्षं नीट कसं ठेवायचं याचा अख्खा क्लास. पाणी सगळं काढायचं, नाहीतर आतून गंज. काजळी खरवडून काढायची, कारण कोळशाच्या काजळीत गंधक असतं आणि ओल लागली की त्याचं ॲसिड होऊन पत्रा खातं. धुराड्यावर झाकण, दांड्यांना जाड ग्रीस. आणि एवढं करूनही थंड पडलेलं मोठं इंजिन पेटवलं की गाडी ओढण्याइतकी वाफ व्हायला तासन् तास, अख्खा दिवसही जातो, शिवाय वाटेत पाणी भरायचे खांब लागतात जे सगळीकडे कधीच उपटून टाकलेत. "आणि फायरमन?" काका म्हणाले, "त्याला काय ग्रीस लावून गोदामात ठेवणार?"

मला हा मुद्दा फार पटला. आपण इंजिन मोजतो, पण फावड्याने कोळसा कुठे किती टाकायचा हे हाताला माहीत असलेला माणूस दहा वर्षांत म्हातारा होतो, त्याचा साठा कुठल्या बोगद्यात करणार.

बंबाची गोष्ट अजून आहे आणि ती काका सांगत नाहीत, काकू सांगतात. छपरावर सोलर आला तेव्हा काका हा बंब मोडीत द्यायला निघाले होते, तांब्याला भाव बरा होता. काकूंनी नाही म्हणून सांगितलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, सोलरच्या नळ्या फुटल्या, वाडीतल्या पोफळी आडव्या, वीज कित्येक आठवडे नाही, पंप बंद. विहिरीवर रहाट, चुलीवर भात आणि बंबावर अंघोळीचं पाणी, आणि सरपण म्हणून पडलेली झाडंच. आळीतली म्हातारी माणसं गरम पाण्याला इथे यायची म्हणे. जन्मभर इंजिनात हात घातलेला माणूस बंब विकायला निघाला होता हे काकू इतक्या मजेत सांगतात की काका तेवढ्यात प्रोजेक्टर आवरायला पळतात.

एका मुलाने विचारलं, आजोबा आपल्या कोकण रेल्वेच्या बोगद्यात लपवलीत का इंजिनं, करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. काका म्हणाले बाळा त्यात एकच रूळ आहे, तिथे इंजिन लपवलं तर मांडवी एक्सप्रेस कुठून जाणार. आणि ही लाईन १९९८ ची, डिझेलच्या जमान्यातली, २०२२ ला पूर्ण विजेवर आली, त्यामुळे आता डिझेल हाच आपला राखीव साठा. जुनी वाफेची बघायची असतील तर हरियाणात रेवाडीच्या शेडला जा, तिथे लपवलेली नाहीत, चालती आहेत.

तक्रारी पण लिहितो. कार्यक्रम फार लांबतो, लहान मुलं मधेच झोपतात, प्रोजेक्टरचा पंखा इतका घरघरतो की मागे बसलेल्याला निम्मं ऐकू येत नाही, आणि व्हॉल्व्ह गिअरचा (सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणाऱ्या दांड्यांचा) भाग ज्याला आवड नाही त्याने बाहेर शतपावली करावी. आमची ही तेच करत होती. शिवाय प्रश्न विचारलात तर काका थांबत नाहीत, एका साहेबांनी सुपरहीटर म्हणजे काय विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

पैसे वसूल का, तर हो. फक्त बीचसाठी येणार असाल तर हर्णै-मुरुडला यापेक्षा चकाचक जागा मिळतील. इथे शनिवार धरूनच या, फोनवर आधी विचारा की गप्पा आहेत ना, कारण गणपतीत आणि शिमग्यात काका पालखीच्या मागे असतात. मासे हवे असतील तर सकाळी नऊच्या आत काकूंना सांगायचं, नंतर सांगितलंत तर पिठलं-भात. गुगल पे चालतं पण रेंजसाठी पेरूखाली जावं लागतं, तेव्हा थोडी कॅश ठेवा.