चौघी, 231 तुकडे आणि माझी नात

लेकीकडे न्यू जर्सीला आले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोबत आणलेली पुस्तकं संपतात. मग शनिवारी सकाळी मी गल्लीतल्या गराज सेलना, म्हणजे लोक घरातल्या जुन्या वस्तू विकायला मांडतात तिथे, हिंडते. तिथेच हा डबा मिळाला, लेगोच्या जोडायच्या प्लास्टिक तुकड्यांचा, ‘विमेन ऑफ नासा’. 2017 साली नवा निघाला तेव्हा 25 डॉलरच्या आसपास होता. आता कंपनी बनवत नाही. मला 12 डॉलरला पडला. विकणारी बाई ‘सगळं आहे’ म्हणाली होती, घरी येऊन मोजले तर 231 पैकी 5 तुकडे गायब. सूचनापुस्तिकाही नव्हती, पण ती लेगोच्या साइटवरून फुकट उतरवता येते, तेव्हा जुना डबा घेताना तेवढ्यासाठी अडू नका.

मुळात मी तो घेतला एका चिठ्ठीमुळे. माझ्या नातीच्या, ईराच्या, शाळेतून विज्ञान शिबिराचं पत्रक आलं होतं, ‘गर्ल्स ऑफ कलर’साठी. मी लेकीला विचारलं, म्हणजे कोण गं? ती म्हणाली, ‘आई, गोऱ्या नसलेल्या मुली. इथे त्यात आपणही येतो.’ सांगलीत माझ्या लग्नाच्या वेळी मी ‘सावळी पण तरतरीत’ होते. त्या ‘पण’साठी शिबिर असतं हे मला नवीनच.

डब्यावर वय दहाच्या पुढे लिहिलंय. ईरा नऊची. दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक माझ्या चष्म्यापायी.

आत तीन देखावे आणि चार बाहुल्या. मार्गारेट हॅमिल्टन आणि तिच्या शेजारी अपोलो यानाच्या संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रामच्या जाड वह्यांची थप्पी. 1969 चा तिचा खरा फोटो ईराला दाखवला, त्यात थप्पी तिच्याच उंचीची आहे. खगोलशास्त्रज्ञ नॅन्सी ग्रेस रोमन आणि हबल ही अंतराळातली दुर्बीण. आणि सॅली राइड व मे जेमिसन या दोघी अंतराळवीर, एकाच स्पेस शटल यानापाशी. दुर्बीण हलते-वळते, पण तिच्यातून काही दिसत नाही. ईराने पाच मिनिटांत कपाटावर ठेवून दिली.

रंगाची गोष्ट तिच्याच लक्षात आली. तिघी लेगोच्या नेहमीच्या पिवळ्या, जेमिसन तपकिरी. ‘आजी, मी यातली कुठली?’ मी म्हटलं, दोन्हींच्या मधली. तिने आपला हात दोघींच्या मध्ये धरून पाहिला आणि पुढच्या पाकिटाकडे वळली. मीच त्यावर रात्री बराच वेळ विचार करत बसले.

जेमिसनबद्दल तिला सांगितलं ते असं. शिकागोत वाढलेली मुलगी. बालवाडीत बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? ती म्हणाली, शास्त्रज्ञ. बाई म्हणाल्या, नर्स म्हणायचंय का तुला? त्या पोरीने सोळाव्या वर्षी स्टॅनफर्डला प्रवेश घेतला, केमिकल इंजिनिअर झाली, मग डॉक्टर, आणि 12 सप्टेंबर 1992 ला एन्डेव्हर यानातून अंतराळात गेली. तिथवर पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. रोमनबाईंनाही शाळेत समुपदेशक भेटली होतीच. लॅटिन सोडून जादा बीजगणित मागितलं म्हणून नाक मुरडणारी.

हे सांगताना माझी जीभ जरा अडखळली. मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीच्या एका हुशार मुलीला मीच सांगितलं होतं, ‘डी.एड. कर, लवकर नोकरी लागेल, बापाला बरं.’ विद्युतमंडलाची गणितं ती माझ्या आधी सोडवायची. त्या वेळी तो मला शहाणपणाचा सल्ला वाटला होता. नर्स म्हणणाऱ्या त्या बाईंनाही तसंच वाटलं असणार. ईराला हे सांगितलं नाही, इथे लिहितेय.

डब्यात नसलेली पाचवी बाई मला जास्त आवडते. हा डबा लेगोला सुचवणाऱ्या माया वाइनस्टॉक यांच्या मूळ प्रस्तावात नासातली गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन होती; मंजुरीचं जमलं नाही, म्हणून ती गळली. अंतराळवीर जॉन ग्लेनच्या 1962 च्या पृथ्वीप्रदक्षिणेचे संगणकाने काढलेले आकडे तिने हाताने पडताळले होते. तिच्या गावाकडे कृष्णवर्णीय मुलांना आठवीच्या पुढे शाळाच नव्हती, घरच्यांनी मुलांसाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं. पण मला भावतात ते तिचे कॉलेजातले प्राध्यापक क्लेटर. तू गणितात संशोधन करू शकशील म्हणाले आणि त्यासाठी लागणारा अवकाश भूमितीचा वर्ग मुद्दाम सुरू केला. वर्गात विद्यार्थिनी एकच, ही. शिकवणाऱ्या माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता शटल. डब्याचे पैसे इथे वसूल होतात, कारण इंधनाची टाकी आणि उड्डाणाला जोर देणारे दोन्ही बूस्टर सुटे होतात. ईराने लगेच विचारलं, ‘सुटून कुठे जातात?’ मी सांगितलं, 2011 पर्यंत शटल उडत होती तेव्हा साधारण दोन मिनिटांनी, 45 किलोमीटर उंचीवर बूस्टर गळायचे, पॅराशूटने अटलांटिकमध्ये उतरायचे, जहाजं त्यांना ओढून आणायची आणि पुन्हा वापरायची. मोठी टाकी मात्र परतताना वातावरणात जळून जायची. ‘मग टाकी पण का नाही वाचवायची?’ याचं उत्तर शोधण्यात माझा पूर्ण रविवार गेला.

तर घ्यावा का? मिळाला तर घ्या, पण शोकेससाठी नको. सोबत बसायला कुणी मोठं हवं, नाहीतर या चौघी म्हणजे नुसत्या हेल्मेटवाल्या बाहुल्या. बारीक तुकडे पुष्कळ आहेत. घरात रांगतं पोर असेल तर वरच्या कपाटात ठेवा.

आमच्याकडे सध्या बूस्टरला भाजीच्या पिशवीचं पॅराशूट बांधून जिन्यावरून सोडणं चालू आहे. मोबाइलवर वेळ मी घेते. नुसता बूस्टर सेकंदाच्या आत खाली, पॅराशूटवाला दोन सेकंदांत. चौथ्या वेळी तीन भरले, तर ईराने वहीत आकड्यापुढे कंसात लिहिलं: आजीने बटण उशिरा दाबलं, धरू नये.