सातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर : गाडी पिकअप घेत नव्हती, तेव्हा कामी आला

नवले पुलाजवळ सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडी उचलेचना. एक, दोन, तीन मोजेपर्यंत ढिम्म, मग एकदम ओढ घेतली. मागून ट्रक हॉर्न वाजवत येत होता आणि शेजारी माझी दहावीतली लेक बसलेली. आई वाईला एकटी असते, दर शनिवारी आमची फेरी ठरलेली. त्यानंतरचे दोन शनिवार आम्ही एसटीने गेलो.

गाडी 2013 सालची, 1.3 लिटरची डिझेल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. आधी एअर फिल्टर बदलला, मग डिझेल फिल्टर. काडीचा फरक पडला नाही. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली, तर बोनेट उघडून पाच मिनिटांत ‘मॅडम, टर्बो गेला’ असं सांगून 38 हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग. कशावरून गेला, हे विचारलं तर नीट उत्तर नाही. तेव्हा ठरवलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं. सातशे रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, मागवला.

काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसवायचा, फोनवर टॉर्क हे अ‍ॅप घ्यायचं, जोडताना फोनवर टाकायचा पिन कोड 1234. पहिल्या दिवशी अर्धा तास जोडलाच गेला नाही. अ‍ॅपमध्ये जाऊन हाच डबा निवडावा लागतो, हे कागदावर कुठेही छापलेलं नाही.

जोडल्यावर पहिली निराशा म्हणजे फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाड, एकही नाही. इंजिनाचा दिवाही कधी लागला नव्हता. बरेच जण इथेच स्कॅनर ठेवून देत असतील. पण खरा उपयोग कोडचा नाही, चालू गाडीत दिसणाऱ्या आकड्यांचा आहे. मी दोनच आकडे स्क्रीनवर ठेवले : पेडल किती टक्के दाबलंय आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा इंजिनात शिरते त्या नळीत, हवेचा दाब किती आहे.

इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की तिथे बाहेरच्या हवेचा दाब दिसतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, म्हणून आपल्याकडे तो 95 किलोपास्कलच्या आसपास येतो. मुंबईत हाच आकडा 101 च्या जवळ दिसेल. माझ्या गाडीत 95 आला, म्हणजे सेन्सर ठीक. मग रविवारी सकाळी सहा वाजता कात्रज बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली. आकडे लेक मोठ्याने वाचत होती. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचंच नाही, माणूस शेजारी हवाच. पेडल लगेच 80 टक्क्यांवर, म्हणजे पेडलचा सेन्सरही बरोबर. हवेचा दाब मात्र 105, 110, 118 असा रांगत गेला आणि तिथेच थांबला. आरशात मागे काळा धूर.

तुलनेला काहीतरी हवं होतं. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे हेच मॉडेल आहे. त्यांना विनंती केली आणि त्याच चढावर त्यांची गाडी नेली. आकडा बघता बघता 195 वर गेला.

हे दोन आकडे वहीत लिहून मी धायरीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, “ताई, टर्बोला हात लावायच्या आधी पाइप बघू.” टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून, म्हणजे ती थंड करणाऱ्या जाळीतून, इंजिनात जाते, मध्ये जाड रबरी पाइप असतात. त्यातला एक खालच्या अंगाला तेलकट, त्यावर धूळ बसून काळी खरपुडी झालेली. काकांनी ती पुसली, पाइप हाताने वाकवला आणि बोटभर लांबीची चीर उघडली. सोडला की पुन्हा मिटली, काही झालंच नाही असं वाटावं इतकी. दाब वाढला की हवा तिथून निसटायची, डिझेलला हवा कमी पडायची, म्हणून तो धूर आणि ते थांबणं. काकांनी टर्बोचा दांडाही बोटांनी हलवून दाखवला, जराही ढिला नव्हता, म्हणजे टर्बो ठीक. नाना पेठेतून नवा पाइप 1,850 रुपयांना आणला, दोन क्लॅम्प आणि मजुरी धरून सगळं मिळून 2,400 च्या आत. त्याच चढावर आता 190 येतो, तोही पाय दाबल्या दाबल्या. खंबाटकीचा घाट परवा विनासायास चढले.

स्कॅनरच्या उणिवाही सांगते. आकडे सावकाश बदलतात, सेकंदाला एकदोनदा. आयफोनवर हा साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला किंवा आयफोनवर चालणारा वेगळा ब्लूटूथवाला घ्यावा लागतो. काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही बॅटरी खातो. आणि पाइप फाटलाय हे तो सांगणार नाही, दाब कमी आहे एवढंच सांगेल. पाइप शोधायला काकांसारखा हातच लागतो. मात्र टर्बो बदलायला सांगितलं असेल, तर होकार देण्याआधी आपल्या गाडीचा हा एक आकडा नक्की बघा, जमल्यास तशाच दुसऱ्या गाडीचाही.